बिनमाशांचे पाच आठवडे

माझी आई मासे विकते, आणि मी तिला पाच आठवडे माशाचा एक तुकडाही खाऊ दिला नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. आता लिहिलंय तर सगळंच सांगून टाकते.

मी शाळेत शिकवते. कट्टा गावात सासर, घरामागे काजूची बाग, आणि आईचं गाव समुद्रावर. मासेमारी करणारे वडील गेल्यापासून ती रोज पहाटे किनाऱ्यावर मासे घ्यायची, पाटी घेऊन सहा आसनी रिक्षात बसायची आणि कट्ट्याच्या बाजारात येऊन पाय पसरून बसायची. तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून पाढे घेत असले तरी मला कळायचं, आज बांगडो आहे की सौंदाळे. पोरंसुद्धा हसायची. मी छडी उचलायचे, पण आतून मला ते आवडायचं.

जाताना ती वाट वाकडी करून माझ्याकडे यायची. पाटीच्या तळाशी पानात गुंडाळून माझा वाटा ठेवलेला असायचा, बहुतेक वेळा कर्ली. कर्लीसारखी चव दुसऱ्या माशाला नाही, पण काटे किती! केसांएवढे बारीक, दोन टोकांचे, तुकड्याच्या प्रत्येक कणात. मला ते काढता येत नाहीत. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, चाळीस पोरांना धाकात ठेवणारी मास्तरीण, आणि माझी आई कर्लीचे काटे काढून मऊ गोळे माझ्या ताटाच्या कडेला लावून ठेवते. नवरा चिडवतो. चिडवू दे. त्याला कोणी काढून देत नाही म्हणून जळतो.

तिच्या गळ्याला गाठ दिसली तेव्हा ती म्हणाली, "वरडून वरडून गळो सुजलो." आवाज घोगरा झाला, तेही ओरडण्याच्या खात्यावर गेलं. पोट सतत बिघडायला लागलं, तेव्हा तिने पाण्याला दोष दिला. शेवटी मी तिला धरून गाडीत घातलं आणि फोंडाघाट चढून कोल्हापूरला नेलं. थायरॉइडचा कॅन्सर. त्यातही साधा नव्हे, मेड्युलरी नावाचा. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि आवाजाची नसही दुखावली. त्यानंतर आई कुजबुजल्यासारखं बोलायची. बाजारात बसली की ॲल्युमिनियमच्या पारड्यावर सुरी आपटायची. टण टण टण. गिऱ्हाइकं सरावली. "तुझी घंटा झाली गो," असं म्हणत यायची.

दीड वर्षाने कळलं की आजार मानेच्या गाठींत परत आलाय आणि यकृतातही पोचलाय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं. तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती.

तिथली डॉक्टर माझ्याहून लहान. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. ती खूण ओळखून तिलाच जाऊन चिकटणारी प्रथिनं तयार करता येतात, त्यांना अँटिबॉडी म्हणायचं. त्या अँटिबॉडीला किरणोत्सर्गी आयोडीन जोडायचं आणि सलाइनमधून सोडायचं. ती रक्तातून फिरत फिरत पेशी शोधते, चिकटते, आणि आयोडीन तिथल्या तिथे किरण सोडून पेशी मारतं. आजार पूर्ण जाईल असं नाही, असं तिने तोंडावर सांगितलं. थांबला तरी पुष्कळ. दुसरं काही हातात नव्हतं, हेही सांगितलं. बरं वाटलं मला तिचं. गोड बोलून फसवणाऱ्यांतली नव्हती.

आईने विचारलं, "ती अँटिबॉडी मिळते कुठे?" ऑफिसात, दवाखान्यात आई शुद्ध बोलते, शाळेत बक्षीस घ्यायला चालल्यासारखी.

"सुरुवातीला उंदरापासून केलेली असते, आजी."

आई माझ्याकडे वळली आणि शुद्ध बोलणं विसरली. "उंदरान? शिरा पडो तेच्यार! जलमभर माझ्या जाळ्यांक भोकां पाडल्यान, आता माझो जीव वाचवूक इलो?"

डॉक्टरला हसू आवरेना. मग ती म्हणाली की हे औषध माणसागणिक बनवून घ्यावं लागतं आणि साठवता येत नाही, कारण किरण रोज कमी होत जातात. ज्या दिवशी येईल त्या दिवशी द्यायचं. आईने मान डोलावली. हे तिला लगेच कळलं. "ताजा म्हावराच गो ह्या," ती मला म्हणाली. "दुपारपर्यंत खपला नाय तर संपला."

पाच आठवड्यांनी दाखल व्हायचं ठरलं. कागदांच्या प्रती हव्या होत्या, म्हणून मी खाली झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिले. आई वर नर्सबाईजवळ बसली होती. परत आले तेव्हा दोघी गप्पा मारत होत्या. त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

आता माझी अक्कल ऐका.

मिठबावला माझी आत्या असते, वडिलांची बहीण. तिलाही थायरॉइडचा कॅन्सर झाला होता, पण साधा. तिला आयोडीनचं औषध प्यायला दिलं होतं, आणि त्याआधी समुद्राचे मासे बंद, दुकानातलं मीठ बंद, दूध बंद, अंडी बंद. आत्या ठणठणीत बरी झाली. गावी परत येताच मी तिला फोन लावला. आत्याने मला यादीच सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "एक कोलंबीसुद्धा पोटात जाऊक नको हां. मी सुक्या सुंगटाचो वाससुद्धा घेवक नाय."

झालं. आईच्या औषधातही आयोडीन, आत्याच्या औषधातही आयोडीन. दोन आणि दोन चार. डॉक्टरने याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, तर मी ठरवलं की ती विसरली असणार. फोन करून विचारावं एवढंही मला सुचलं नाही. मास्तरणीला विचारायची सवय नसते, सांगायची असते.

आईला मी कट्ट्याला माझ्याकडे आणलं. एका नव्या वहीत लाल पेनाने पाच आठवड्यांचं जेवण लिहून काढलं. सोमवारी कुळथाची पिठी, मंगळवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, बुधवारी फणसाची भाजी. सगळं सैंधव मिठाचं. घरात मासे शिजवणंच बंद केलं, तिला वासाने त्रास नको म्हणून. मुलं रुसली, नवरा बाहेर जेवून यायला लागला. मीही सोडले. आईसमोर बसून मी खाणार होते होय?

आई पहिल्या दिवशी पिठीकडे बघत बसली. "गो, मी काय तुझ्या शाळेतला पोर आसंय?"

"गप जेव."

ती गप जेवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी आई गप कधी जेवत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून ती निम्मं ताट टाकायला लागली. पोट तर बिघडलेलंच. मी भात वाढला की ती मुकाट कालवायची, बोटांनी उगीच चाचपायची. काट्याची सवय! फणसाच्या भाजीत ती काटे शोधत होती. मला हसू आलं आणि मग आलं नाही. तिचे हात बारीक दिसायला लागले होते. मी स्वतःला सांगितलं, आजार आहे, होणारच. वहीत त्या दिवसापुढे बरोबरची खूण केली.

एकदा आत्या मिठबावहून भेटायला आली, तर तिच्या पिशवीला बांगड्यांचा वास येतोय म्हणून मी पिशवी बाहेरच्या दांडीला टांगून ठेवली. आई आणि आत्या, दोघी जन्मभर माशाचं तिकलं कोणाचं चांगलं यावरून भांडत आलेल्या. त्या दिवशी पडवीत बसून दोघींनी सैंधव घातलेली पेज प्यायली आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

पाच आठवड्यांनी आम्ही मुंबईला पोचलो. वजनकाट्यावर आई उभी राहिली आणि डॉक्टरचा चेहरा बदलला. रक्ताचा रिपोर्ट आला. तेही कमी. या औषधाने हाडांतला रक्त तयार होण्याचा कारखाना काही आठवडे मंदावतो, म्हणून आधीच रक्त कमी असलेल्या माणसाला ते देता येत नाही. चाचणीचे नियम होते. एका रेषेच्या खाली आई गेली होती.

"पाच आठवड्यांत एवढं वजन कसं उतरलं? जेवत नाही का आजी?"

मीच उत्तर दिलं, अगदी अभिमानाने. मासे बंद, मीठ बंद, सगळं काटेकोर पाळलंय, डॉक्टर. वहीसुद्धा दाखवायला काढली.

डॉक्टरने वहीवर नजर टाकली. मग म्हणाली, "मासे कोणी बंद करायला सांगितले?"

तिने परत चित्र काढलं. आत्याच्या आजारातल्या पेशी स्वतः आयोडीन खातात. त्यांना आधी आयोडीनसाठी भुकेलं ठेवायचं, मग विषारी आयोडीन द्यायचं, म्हणून ते पथ्य. आईच्या पेशी आयोडीन खातच नाहीत. इथे आयोडीन नुसतं ओझं आहे, वाहून नेणारी अँटिबॉडी. मासे खाल्ल्याने काही बिघडत नाही. "उलट," ती म्हणाली, "औषधाच्या आधी आणि नंतर आम्हीच तुम्हाला आयोडीनचे थेंब पाजणार आहोत. औषधातून काही सुटलंच तर ते भलतीकडे जाऊन बसू नये म्हणून."

माझ्या हातात ती वही होती. लाल अक्षरं, बरोबरच्या खुणा. मला वाटलं, जमीन फाटावी. मी माझीच वही पाठीमागे लपवली. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात आई तिच्या त्या फुटक्या आवाजात म्हणाली, "मीच सोडले, डॉक्टर. देवीचा नवस होता. मुलीने फक्त लिहून ठेवलं."

धडधडीत खोटं. आमच्या देवीला तर कोंबडं लागतं, तिला कसले बिनमाशांचे नवस! पण डॉक्टर मुंबईची, तिने मान्य केलं. आणि मी गप्प राहिले. एवढी मोठी बाई, आईच्या पदराआड लपले. आजही आठवलं की कान तापतात.

डॉक्टरने चार आठवड्यांची मुदत दिली. वजन वाढलं आणि रक्त सुधारलं तर औषध मागवता येईल. नाही सुधारलं तर चाचणीतली जागा जाईल, कारण रांगेत दुसरे होते. आणि आजार काही आमची वाट बघत थांबणार नव्हता.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसून झोपली. मी तिचं मनगट दोन बोटांच्या कड्यात धरून बसले होते, आणि कडं सैल पडत होतं.

पुढचे चार आठवडे आमच्या घरात जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं कमीपणाचं आहे. आत्या मिठबावहून बिऱ्हाडच घेऊन आली. तिलाही अपराधी वाटत होतं, ते ती भांडी आपटून दाखवायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. दुपारी तिकलं. संध्याकाळी कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सार. पोट ताळ्यावर यायला डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, त्या मी घड्याळ लावून देत होते. बाजारात आईच्या शेजारी बसणाऱ्या बायका रोज काही ना काही पाठवायच्या, तिच्यासाठी निवडून ठेवलेलं. आई पाटावर बसून आत्याला म्हणायची, "मीठ कमी पडला गो. तुझ्या हाताक अजून वळण नाय." आत्या उलटं बोलायची. आई ताट चाटूनपुसून साफ करायची. मी दाराआड उभी राहून घास मोजायचे.

चार आठवड्यांनी काट्यावर ती उभी राहिली तेव्हा मी डोळे मिटले होते. डॉक्टर म्हणाली, "आजी, छान." रक्तही रेषेच्या वर आलं होतं, थोडंसंच, पण वर. मी तिथे लॉबीत मोठ्याने रडले. आईला लाज वाटली. "आवशीक खाव, लोकां बघतत," म्हणून तिने मला कोपराने ढोसलं.

औषध आलं त्या दिवशी ते शिशाच्या डब्यात होतं. डबा ढकलगाडीवरून आणला. आईला जाड भिंतींच्या खोलीत ठेवलं, सलाइनमधून ते हळूहळू सोडलं. मी बाहेर. आतल्या कॅमेऱ्यातून ती पडद्यावर दिसायची. तिने कॅमेऱ्याकडे बघून बोटांनी उंदराच्या मिशा करून दाखवल्या. काही दिवसांनी एकाने यंत्र धरून तिच्यापासून निघणारे किरण मोजले, आकडा खाली आल्यावर घरी सोडलं. पण घरीही तीन आठवडे लांबच राहायचं. मुलांनी तर जवळ जायचंच नाही. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी मोरी.

काजूच्या बागेत आमचा मांगर आहे, एक खोली आणि पुढे पडवी. तिथे तिची सोय केली. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "आवस बाजूक बसली?" आई ऐकून खुदखुदली. "बघ गो, पासष्टाव्या वर्षी पाळी इली." पूर्वी बायकांना तसं बसवत असत, भांडी वेगळी, शिवायचं नाही. आईच्या पिढीने ते भोगलेलं. ती म्हणाली की तेव्हा निदान कामातून सुटका व्हायची, आता नुसताच कंटाळा.

मी ताट पडवीच्या पायरीवर ठेवून मागे व्हायचे आणि फणसाखाली खुर्ची टाकून बसायचे. ती जेवायची, मी बघायचे. आवाज नसल्याने तिचं बोलणं मला निम्मं ऐकू यायचंच नाही. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, माफी मागायची होती. पण ती ओरडून कशी मागणार? अख्ख्या वाडीने ऐकलं असतं.

एका दुपारी कर्ली होती. जेवण झाल्यावर मी हातमोजे घालून ताट उचलायला गेले. ताटाच्या कडेला काटे काढलेले पाच गोळे ओळीने लावून ठेवले होते. तिला भानच नव्हतं. चाळीस वर्षांची बोटांची सवय. आपल्या ताटात हात घातला की आधी माझे गोळे. मी ते खाऊ शकत नव्हते, तिच्या बोटांचं, लाळेचं काहीही नको म्हणून बजावलेलं होतं. मी ते टाकले आणि मोरीवर उभी राहून नळ सोडून रडले.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. यकृतातले डाग वाढले नव्हते, मानेतली एक गाठ आकसली होती. रक्तातला कॅन्सर दाखवणारा आकडा खाली आला होता. "थांबलंय," डॉक्टर म्हणाली. "किती दिवस ते मी सांगू शकत नाही. पण आज थांबलंय." आईने तिला पुढच्या खेपेला सुके बांगडे आणायचं कबूल केलं.

घरी आलो त्या दुपारी मी कर्लीचं तिकलं केलं. मुलं शाळेत होती, नवरा बागेत. आई चुलीशेजारी पाटावर बसली, माझ्या मांडीला मांडी लावून. कितीतरी महिन्यांनी. तिने माझ्या ताटात हात घातला आणि काटे काढायला लागली. मी सांगून टाकलं.

"आये, मासे मी बंद केललंय. तुझा औषध माझ्यामुळे हुकणारा होता. आणि डॉक्टरासमोर मी गप रवलंय."

ती काटे काढत राहिली.

"माका पयल्याच दिसा म्हायत होता," ती म्हणाली.

"काय म्हायत होता?"

"माशे चलतत म्हणान. तू झेरॉक्स काढूक गेल्लंस, तेव्हा मी त्या नर्सबाईक इचारलंय. ती म्हणाली, सगळा खावा आजी."

माझा घास हातातच राहिला. "मगे खाल्लंस कित्याक नाय? पाच आठवडे! माका सांगलंस कित्याक नाय?"

तिने एक गोळा माझ्या ताटाच्या कडेला लावला.

"तू ती वही घेवन बसललंस. लाल पेनान लिवी होतंस. रात-दीस तुझो जीव थाऱ्यावर नव्हतो. सुई डॉक्टराकडे, औषध डॉक्टराकडे, तारीख डॉक्टराकडे. तुझ्या हातात काय होता गो? तुका कायतरी करूक व्हया होता. म्हटलंय, करूंदे माझ्या चेडवाक."

"आणि त्यात तू गेली आसतंस तर?"

"वजनाचा माका खंय म्हायत?" ती म्हणाली, आणि दुसरा गोळा लावला. "जेव आता. निवला सगळा."

मी जेवले. बाजारात ती आजही बसते, आठवड्यातून तीन दिवस. वर्गात खिडकीशी उभी राहिले की पारड्यावरची सुरी मला ऐकू येते.